न मागवलेल्या मालाचं बिल दुकानाच्या नावावर आलं, तर काय करायचं

महिनाअखेर आली की वितरकाच्या सेल्समनला टार्गेट पुरं करायचं असतं. तुम्ही पाच पेट्या सांगता, त्याच्या ॲपमध्ये आठ पडतात. कधी तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं आणि टेम्पो दारात येऊन उभा राहतो. कधी तालुक्यात एकाच नावाची दोन-तीन दुकानं असतात आणि एकाचं बिल दुसऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर फाडलं जातं. आणि कधी माल येतच नाही, नुसतं बिल जीएसटी पोर्टलवर दिसतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट.

अशा वेळी बहुतेक दुकानदार "बघू, त्याचा फोन आला की सांगू" म्हणून सोडून देतात आणि नुकसान तिथेच होतं. न मागवलेल्या मालाचे पैसे द्यायला कायदा तुम्हाला भाग पाडत नाही, पण गप्प बसणाऱ्याला तो फार दिवस सांभाळूनही घेत नाही. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, नाकारायला फार तर ७२ तास असतात. लघुउद्योगाकडून आलेल्या मालावर लेखी हरकत घ्यायला १५ दिवस. जीएसटीतला खोटा पुरवठा दाखवून द्यायला साधारण पुढच्या महिन्याची २० तारीख. हे सगळं फुकट आणि घरबसल्या होतं, फक्त वेळेत व्हायला हवं.

कायद्याच्या चार गोष्टी

भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे एकाने प्रस्ताव मांडायचा आणि दुसऱ्याने तो स्वीकारायचा, मग करार होतो. "सात दिवसांत परत केला नाही तर माल मान्य आहे असं समजू" असं बिलावर छापलं म्हणून तुमचं मौन होकार ठरत नाही.

पण त्याच कायद्याचं कलम ७० नीट समजून घ्या. त्यात दिलेलं उदाहरण असं: व्यापाऱ्याने चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवला आणि त्या माणसाने तो आपलाच समजून वापरला, तर त्याला पैसे द्यावे लागतात. म्हणजे न मागवलेल्या पेटीतले दोन पुडे जरी गिऱ्हाइकाला विकले, तरी तेवढ्यापुरतं देणं तुमच्यावर आलं. वर "आम्ही माल घेतलाच नाही" हे म्हणणंही लंगडं पडलं.

मालविक्री कायदा, १९३० मधली तीन कलमं लक्षात ठेवा. कलम ३७: १० पेट्या सांगितल्या आणि १५ आल्या, तर १० ठेवून ५ नाकारता येतात किंवा सगळ्याच नाकारता येतात. १५ च्या १५ ठेवल्या तर ठरलेल्या दराने १५ चे पैसे द्यावे लागतात. सांगितलेल्या मालात भलताच माल मिसळून आला तर भलता तेवढा नाकारता येतो. कलम ४२: माल मिळाल्यावर वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, किंवा मालक असल्यासारखं वागलात, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. कलम ४३: नाकारायचा हक्क असलेला माल स्वतःच्या खर्चाने परत पाठवणं तुमच्यावर बंधनकारक नाही. नाकारत असल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे. "आधी माल आमच्या गोडाऊनला पोचवा, मग बिल रद्द करू" असं वितरकाचा माणूस म्हणाला, तर त्याला हे कलम सांगा.

गाडी दारात आहे, माल अजून उतरलेला नाही

हमालाने पहिली पेटी खाली ठेवण्याआधी चलन हातात घ्या आणि तीन गोष्टी पाहा: जीएसटी क्रमांकाचे पंधराही आकडे-अक्षरं तुमचीच आहेत का, ऑर्डर क्रमांक किंवा ऑर्डर देणाऱ्याचं नाव आहे का, आणि नग तुमच्या नोंदीशी जुळतात का. ऑर्डरची नोंद म्हणजे वही, व्हॉट्सॲप किंवा पर्चेस ऑर्डर, जे तुमच्याकडे चालतं ते. तोंडी ऑर्डर देण्याची पद्धत असेल तर आजपासून प्रत्येक तोंडी ऑर्डरनंतर सेल्समनला एक ओळीचा मेसेज टाकायचा: "आजची ऑर्डर – अमुक ५ पेटी, तमुक २ पेटी, बाकी काही नाही." पुढचे निम्मे वाद या "बाकी काही नाही"वरच मिटतात.

माल तुमचा नसेल तर चलनाच्या आणि बिल्टीच्या (वाहतूकदाराच्या पावतीच्या) सगळ्या प्रतींवर स्वच्छ अक्षरात लिहा: "माल मागवलेला नाही. स्वीकारला नाही. परत." खाली तारीख, वेळ, गाडी क्रमांक, तुमची सही आणि ड्रायव्हरची सही. ड्रायव्हर सही करत नसेल तर त्या कागदाचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. दुकानाचा गोल शिक्का मात्र मारू नका. नुसता शिक्का म्हणजे पोच, असाच अर्थ पुढे लावला जातो. शेजारी लिहिलेला शेरा झेरॉक्समध्ये हमखास फिका येतो.

थोडा माल तुमचा, थोडा नाही असं असेल तर "अमुक ५ पेटी मिळाल्या, उरलेल्या ३ पेटी मागवलेल्या नाहीत, परत" असं आकड्यांसकट लिहा. "माल तपासून घेऊ" असा मोघम शेरा काही कामाचा नसतो.

माल उतरून घेतला गेला

तुम्ही दुकानात नव्हता, मुलाने किंवा नोकराने सही करून माल घेतला, असं सर्रास होतं. नोकराची सही म्हणजे ऑर्डर दिल्याचा पुरावा नव्हे. माल पोचल्याचा पुरावा मात्र ती आहे. म्हणून आता "माल आलाच नाही" असं कधीच म्हणायचं नाही. "आला, पण आम्ही मागवलेला नव्हता" हेच खरं आणि हेच शेवटपर्यंत टिकतं.

त्याच दिवशी पेट्या वेगळ्या काढा, उघडू नका आणि वर कागद चिकटवा: "न मागवलेला माल – विक्रीस नाही". पेट्यांची संख्या, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख दिसेल असे फोटो घ्या. ही पेटी पुन्हा मालाच्या थप्पीत जाणार नाही याची काळजी घ्या, कारण सणासुदीच्या गर्दीत नोकर नकळत त्यातलाच माल काढून देतो. माल दुसऱ्याचा असला तरी तुमच्या ताब्यात आहे, तेव्हा तो पावसात भिजू देणं किंवा उंदरांच्या तोंडी देणंही योग्य नाही. दूध, चीज, आईस्क्रीम असा नाशवंत माल असेल तर पत्राची वाट न पाहता त्याच तासाला फोन आणि पाठोपाठ मेसेज करा.

हिशेबातली चूक इथेच होते. अकाउंटंट बिल आधी खरेदीत घेतो आणि मग "पर्चेस रिटर्न" टाकून काढतो. असं करू नका. पर्चेस रिटर्न म्हणजे खरेदी झाली होती अशी तुमच्याच वहीतली कबुली. हे बिल खरेदीत घ्यायचंच नाही. त्यासाठी वेगळी फाइल ठेवा.

काही नग आधीच विकले गेले असतील तर लपवू नका. तेवढ्या नगांचे पैसे द्या आणि बँक ट्रान्सफरच्या रिमार्कमध्ये व पत्रात "केवळ इतक्या नगांपुरते" असं लिहा. गोल रकमेचा "ऑन अकाउंट" हप्ता अजिबात देऊ नका. तो संपूर्ण बिलापोटी दिला असंच धरलं जाईल.

नकाराचं पत्र

फोनवर बोलणं झालं तरी पत्र हवंच. पुढचा मजकूर रिकाम्या जागा भरून वापरता येईल:

"विषय: बिल क्र. ____, दि. ____, रु. ____ – माल मागवलेला नसल्याबाबत व नाकारल्याबाबत.

वरील बिलातील माल आमच्या दुकानातून कोणीही लेखी, तोंडी वा ॲपवरून मागवलेला नाही. आपल्याकडे ऑर्डर असल्यास ती देणाऱ्याचं नाव, तारीख, मोबाइल क्रमांक व सही असलेलं चलन ७ दिवसांत पाठवावं. दि. ____ रोजी वाहन क्र. ____ मधून आलेल्या ____ पेट्या आम्ही स्वीकारलेल्या नाहीत. त्या न उघडता, विक्री न करता वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या दि. ____ पर्यंत आपल्या खर्चाने, लेखी पोच देऊन घेऊन जाव्यात. बिल रद्द करून क्रेडिट नोट द्यावी, जीएसटी विवरणपत्रात दुरुस्ती करावी आणि आमच्या खात्याचा सुधारित उतारा पाठवावा. या बिलापोटी आम्ही कोणतीही रक्कम देणं लागत नाही."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ऑर्डर देणाऱ्याचा मोबाइल क्रमांक मागितला की सेल्समनने स्वतःच्याच लॉगिनवरून ऑर्डर टाकली असेल तर ती उघडी पडते. वितरकाच्या मालकाला बऱ्याचदा हे माहीतच नसतं, आणि इथेच निम्मी प्रकरणं संपतात. "न उघडता, विक्री न करता" हे कलम ७० साठी. "लेखी पोच देऊन" यासाठी, की सेल्समन मोटरसायकलवर दोन पेट्या घेऊन जातो आणि पुढे त्या कधी परत गेल्याच नाहीत असं होतं. खातेउतारा मागायचा कारण क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा पुरवठादाराचा कागद) मिळाली तरी वितरकाच्या लेजरमध्ये बाकी तशीच राहते आणि सहा महिन्यांनी नवा वसुली माणूस तीच घेऊन येतो.

पत्र आधी बिलावर छापलेल्या ईमेलवर आणि मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, मग स्पीड पोस्टाने, पोहोच मिळाल्याच्या पुराव्यासह. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर आता स्पीड पोस्टच मागायचं. सेल्समनला पाठवलेला मेसेज पुरेसा धरू नका. त्याने नोकरी सोडली की त्याचा फोनही गेला. मूळ चॅट, त्यातले फोटो आणि शक्य तर तो फोनही जपून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलंच तर अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

माल परत देताना साध्या डिलिव्हरी चलनावर "नाकारलेला माल परत" असं लिहा, पेट्या आणि बॅच क्रमांक टाका, नेणाऱ्याची नाव-सही घ्या. मालाची किंमत मर्यादेपेक्षा जास्त असेल तर परतीचं ई-वे बिल पुरवठादारालाच काढायला लावा.

ई-वे बिल: पहिले ७२ तास

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल जाताना ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. पुरवठादाराने तुमचा क्रमांक टाकून ई-वे बिल काढलं की ते तुमच्या लॉगिनमध्ये दिसतं. ते तुम्हाला उपलब्ध झाल्यापासून ७२ तास किंवा माल पोचेपर्यंत, यात जे आधी येईल तोवर नाकारता येतं. काहीच केलं नाही तर तुम्ही ते स्वीकारलं असं नियमच धरून चालतो.

रीत सोपी आहे. ई-वे बिल पोर्टलवर लॉगिन करा, डावीकडच्या यादीत "रिजेक्ट" निवडा, तारीख टाका, दुसऱ्यांनी तुमच्या नावे काढलेल्या बिलांची यादी येईल, त्यातलं नको ते टिक करून सबमिट करा. अडचण अशी की अनेक लहान दुकानदारांची या पोर्टलवर नोंदणीच नसते, कारण ते स्वतः कधी ई-वे बिल काढत नाहीत. नोंदणी आजच करून ठेवा, आणि नोंदणीतला मोबाइल क्रमांक कर सल्लागाराचा नव्हे, तुमचा द्या. दोन-तीन दिवसांतून एकदा यादीवर नजर टाकायला पाच मिनिटं पुरतात.

जीएसटी पोर्टल: बिल आलं, माल नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कोणीतरी माल रोखीत तिसऱ्यालाच विकतो आणि बिल तुमच्या क्रमांकावर फाडतो. जीएसटी क्रमांक दुकानाच्या पाटीवर आणि प्रत्येक बिलावर छापलेला असतो, त्यामुळे तो मिळवणं अवघड नाही. असं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी तुमच्या क्रमांकावर दाखवलेल्या बिलांच्या यादीत) येणं हा तुमचा दोष नाही. त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंत तर मात्र तो दोष होतो, कारण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. माल न मिळता क्रेडिट घेतलं तर कलम १२२ खाली १०,००० रुपये किंवा कराइतकी रक्कम, यात जास्त असेल तेवढा दंड, आणि वर क्रेडिट व्याजासह परत. सल्लागार २बी मधला एकूण आकडा तसाच उचलून ३बी मध्ये (कर भरण्याच्या विवरणपत्रात) टाकत असेल तर तुम्हाला नकळत हे घडत असेल.

ऑक्टोबर २०२४ पासून यावर चांगला उपाय मिळाला आहे. पोर्टलवर "सर्व्हिसेस", मग "रिटर्न्स", मग "इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम" उघडा आणि त्यात आवक पुरवठा निवडा. पुरवठादाराने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) बिल सेव्ह करताच ते इथे दिसतं. प्रत्येक बिलापुढे तीन पर्याय असतात: ॲक्सेप्ट, रिजेक्ट, पेंडिंग. काहीच निवडलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. इथेही मौन तुमच्याविरुद्ध जातं.

पूर्ण अनोळखी बिल रिजेक्ट करा. त्याचं क्रेडिट तुमच्याकडे येत नाही आणि नकार पुरवठादारालाही दिसतो. अर्धा माल मागवलेला, अर्धा नाही, असं बिल असेल तर अडचण होते, कारण बिलाचा तुकडा स्वीकारता येत नाही. तेव्हा ते पेंडिंग ठेवा आणि पुरवठादाराला बिल दुरुस्त करायला किंवा क्रेडिट नोट द्यायला लावा. खऱ्या मालाचं क्रेडिट महिनाभर पुढे गेलं तर चालेल, खोट्याचं घेऊन चालणार नाही. पुरवठादाराने बिल रद्द करण्यासाठी दिलेली क्रेडिट नोट याच यादीत येते. ती घाईत रिजेक्ट करू नका, कारण मग पुरवठादाराचा कर कमी होत नाही आणि तो तुमच्यावर उलटतो.

महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी क्रम असा ठेवा: ११ तारखेला बहुतेक पुरवठादारांचं जीएसटीआर-१ भरून होतं, १२-१३ ला यादी वाचायची, १४ ला २बी तयार होतं. त्यानंतरही ३बी भरेपर्यंत निवड बदलता येते, पण मग २बी पुन्हा काढण्याचं बटण दाबावं लागतं. ते विसरलं तर जुनाच आकडा राहतो.

बिलावर क्यूआर कोड आणि आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक) असेल तर ते ई-इन्व्हॉइस आहे. पुरवठादाराला ते पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, म्हणून पहिल्याच दिवशी फोन करण्यात अर्थ आहे. मुदत गेली तर क्रेडिट नोट हाच मार्ग.

एकाच अनोळखी क्रमांकाहून दोन-तीन महिने बिलं येत राहिली तर ती चूक समजू नका. बिलांची यादी, रिजेक्ट केल्याचे स्क्रीनशॉट आणि "या पुरवठादाराशी आमचा कोणताही व्यवहार नाही" असं पत्र तुमच्या क्षेत्रातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. पुढे त्या पुरवठादारावर कारवाई झाली की त्याच्या यादीतल्या सगळ्यांना नोटिसा जातात. तेव्हा ही पोच तुमच्या हातात असायला हवी. चलनावर तुमची खोटी सही असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या. वर्षअखेरीस आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरणही उघडून पाहा. तिथे तुमच्या नावावरची जीएसटी खरेदी दिसते, आणि चुकीच्या नोंदीवर "ही माहिती माझी नाही" असा अभिप्राय देता येतो.

वसुली सुरू झाली तर

पुरवठादार उत्पादक असेल आणि सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून त्याची उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ त्याच्या बाजूने उभा राहतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं धरतात. त्यानंतर थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. असा पुरवठादार सुलभीकरण परिषदेकडे (या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) गेला आणि निकाल तुमच्याविरुद्ध लागला, तर त्याला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून वरचं पत्र १५ दिवसांच्या आत गेलंच पाहिजे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या वितरकाला या थकबाकीच्या तरतुदींचा लाभ मिळत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये "आपल्याकडील बाकी कायम करावी" असं पत्र येतं. त्यावर सही करणं म्हणजे कर्जाची लेखी कबुली, आणि तिथून तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. वादाचं बिल त्या बाकीत असेल तर "आमच्या हिशेबाने बाकी इतकी, बिल क्र. ____ अमान्य" असं लिहूनच सही करा.

वितरकाकडे सही केलेले कोरे धनादेश ठेवण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. वाद झाला की हेच धनादेश पुढे येतात. पहिल्याच पत्रात धनादेशांचे क्रमांक लिहून ते या बिलापोटी वटवू नयेत असं कळवा आणि बँकेत पेमेंट थांबवा. पण खात्यात तेवढी रक्कम राहू द्या. पैसे असूनही वाजवी कारणाने थांबवलं हे दाखवता आलं तर धनादेश न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या तक्रारीत तुमची बाजू भक्कम होते. धनादेश परत गेल्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या.

बिलांच्या आधारावर समरी दावा, म्हणजे झटपट चालणारा वसुलीचा दावा, दाखल होऊ शकतो. त्याचं समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत न्यायालयात हजेरी नोंदवावी लागते. "मी मागवलंच नाही तर जाऊ कशाला" म्हणून घरी बसलात तर निकाल एकतर्फी लागतो. हजर राहून बचाव करायची परवानगी मिळवलीत तर ऑर्डर होती हे आधी समोरच्याला सिद्ध करावं लागतं, आणि तुमचं वेळेत गेलेलं पत्र तिथे बोलतं.

घरी आलेलं पार्सल आणि कार्डावरचा खर्च

दुकानासाठी विक्रीचा माल घेणारा कायद्याने ग्राहक नसतो, पण घरासाठी घेणारा असतो. त्यामुळे हा रस्ता वेगळा आहे.

कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल घरच्या पत्त्यावर येतं, रक्कम चार-पाचशेपासून हजारापर्यंत असते, आणि दुपारी घरी असलेल्या आई-वडिलांना वाटतं मुलांनीच मागवलं असेल. पैसे देण्याआधी घरातल्या सगळ्यांना एक फोन करा. कोणीच मागवलं नसेल तर परत पाठवा, कारण सांगायची गरज नाही. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा: पैसे द्यायचं पार्सल आमच्या वतीने घ्यायचं नाही. "ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा" असं कोणी म्हणालं तर आलेला मेसेज शेवटपर्यंत वाचा. तो पार्सल मिळाल्याचा असू शकतो, बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचाही असू शकतो. बँकेचा आणि व्हॉट्सॲपचा ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. पार्सलमधल्या चिठ्ठीवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, कुरिअरच्या ॲपमध्येच पाहा.

पैसे देऊन बसला असाल तर पार्सल, लेबल आणि ट्रॅकिंग क्रमांक जपून ठेवा. कुरिअरकडे आणि लेबलवरच्या विक्रेत्याकडे तक्रार करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तिथे मराठीतही बोलता येतं. फसवणूक स्पष्ट असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा.

ऑनलाइन खरेदीत न निवडलेली वस्तू, विमा किंवा देणगी शेवटच्या पानावर बिलात घुसवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी ॲपची रचना) मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे. आधीच टिक केलेले चौकोन ही संमती नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात. पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं.

कार्डावर अनोळखी खर्च दिसला तर आधी रक्कम आणि तारीख घरच्यांच्या खरेदीशी ताडून पाहा, कारण दुकानाचं नाव आणि विवरणावरचं नाव अनेकदा वेगळं असतं. खर्च तुमचा नसेल तर कार्ड ब्लॉक करा आणि बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेली चौकट अशी: चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच भार नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार, त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा. सध्याची मुदत आणि रकमा तुमच्या बँकेच्या धोरणात पाहून घ्या.

क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलावर तक्रार केली की जास्तीत जास्त ३० दिवसांत कागदोपत्री पुरावा दाखवणं बँकेवर बंधनकारक आहे. तोवर वादाची रक्कम सोडून उरलेलं बिल देय तारखेला भरा. पूर्ण बिल अडवून ठेवलं तर खऱ्या खर्चावर व्याज चढतं आणि सिबिलवर डाग पडतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार करताना बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि तारीख लागते, म्हणून पहिल्याच फोनवर ते लिहून घ्या.